काच टनात मोजायची की चौरस मीटरमध्ये?

समाजवादी अर्थव्यवस्थेबद्दलचा एक विनोद तुम्ही कदाचित ऐकला असेल. सोव्हिएत काचकारखान्याला योजनेचं उद्दिष्ट टनात दिलं, तर कारखान्याने इतकी जाड काच काढली की ती उचलता उचलेना. मग वरून हुकूम आला की यापुढे उद्दिष्ट चौरस मीटरमध्ये. तर काच इतकी पातळ झाली की वाऱ्याने फुटायला लागली. अर्थशास्त्राच्या वर्गात हा किस्सा हमखास येतो. सगळे हसतात आणि मास्तर पुढच्या मुद्द्याकडे वळतात.

हा नुसता विनोद नाही. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ अ‍ॅलेक नोव्ह यांनी सोव्हिएत अर्थव्यवस्थेवर लिहिताना सपाट काचेचं हे उदाहरण गंभीरपणे दिलेलं आहे. पण माझं एम.एस्सी. रसायनशास्त्रातलं, आणि आता पीएच.डी. करतेय ती सपाट काच बनवण्याच्या तंत्राच्या इतिहासावर. त्यामुळे मला पहिला प्रश्न पडतो तो वेगळाच: भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाला हे करता येतं का? काच जाड किंवा पातळ करायची म्हणजे प्रत्यक्षात काय फिरवायचं, काय थांबवायचं? आणि ते करताना त्याला काय मिळतं, काय गमवावं लागतं?

आजच्या लेखात हे सगळं एका खऱ्या जागेवर जाऊन बघू. विनोद सोव्हिएत असला तरी मी जागा निवडली आहे चेकोस्लोव्हाकियातली. कारण साधं आहे. सोव्हिएत रशियात योजना आणि आधुनिक काचउद्योग बऱ्याच अंशी बरोबरच वाढले, त्यामुळे कशाचा परिणाम काय हे वेगळं काढणं कठीण. चेकोस्लोव्हाकियात मात्र काचेची यंत्रं आधीपासून होती, आणि सोव्हिएत पद्धतीची योजना नंतर येऊन त्यांच्या डोक्यावर बसली. प्रयोगशाळेच्या भाषेत सांगायचं तर एकच गोष्ट बदलली आणि बाकीच्या बऱ्याचशा तशाच राहिल्या. अगदी तंतोतंत नाही, पण इतिहासात एवढं मिळालं तरी पुष्कळ.

खिडकीची काच वर कशी चढते

आधी यंत्र समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत खिडकीची काच फुंकून बनायची. कारागीर फुंकणीने काचेचा लांबलचक नळकांड्यासारखा फुगा करायचा, त्याची दोन्ही टोकं कापायची, उभा चिरायचा आणि पुन्हा तापवून तो सपाट उलगडायचा. बेल्जियमचा इंजिनिअर एमिल फुर्को याने हे सगळं एका यंत्रात बसवलं. वितळलेल्या काचेवर तापरोधक मातीचा एक लांबट ठोकळा तरंगत ठेवायचा. त्याच्या मधोमध लांब फट. या ठोकळ्याला म्हणतात देबितूझ. तो काचरसात थोडा खाली दाबला की फटीतून काचरस वर उमळतो. वरून लोखंडी जाळी सोडून तो पकडायचा आणि हळूहळू वर ओढायला लागायचं. दोन्ही बाजूंना पाणी खेळवलेले गारक असतात, त्यांच्यामुळे काच ओढता ओढताच घट्ट होते. मग अ‍ॅस्बेस्टॉस लावलेल्या रुळांच्या जोड्या तिला धरून काही मीटर उंच मनोऱ्यातून वर नेतात. तेवढ्या प्रवासात ती सावकाश थंड होते आणि वरच्या मजल्यावर माणूस ती कापून बाजूला ठेवतो. काचेचं एक न संपणारं धोतर कोणी खालून वर खेचतंय, असं डोळ्यांसमोर आणा.

आता तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली: भट्टी थांबवता येत नाही. ती साधारण दीड हजार अंशाच्या आसपास चालते. एकदा पेटवली की काही वर्षं रात्रंदिवस चालते आणि मग दुरुस्तीसाठीच विझते. मध्येच थंड केली तर आतल्या विटा तडकतात. म्हणजे मागणी असो वा नसो, रविवार असो वा सण, काचरस तयार होतच राहतो, आणि दिवसाला किती होणार हे भट्टीच्या आकाराने जवळपास ठरलेलं असतं.

दुसरी: जाडी ठरते ती मुख्यतः ओढण्याच्या वेगाने. वेगात ओढलीत तर पातळ, सावकाश ओढलीत तर जाड. अर्थात तापमान, गारक, फट या सगळ्यांचा हात असतोच, पण रोजच्या कामात हातातली खुंटी म्हणजे वेग. तेव्हा विनोदातला कारखानदार करतो ते प्रत्यक्षात करता येण्यासारखं होतं, त्यासाठी नवीन यंत्र लागत नव्हतं.

तिसरी गोष्ट माझ्या रसायनशास्त्राच्या जवळची. फटीच्या ओठांपाशी काचरस जरा जास्त वेळ रेंगाळतो आणि तिथलं तापमान नेमकं असं असतं की त्यात स्फटिक धरायला लागतात. सोडा, चुना आणि सिलिका यांच्या या स्फटिकाचं नावच डेव्हिट्राइट आहे. ओठांवर ते साचले की वर चढणाऱ्या काचेत रेघा उमटतात, पुढे काच तुटते. म्हणून आठवड्या-दीड आठवड्याने यंत्र थांबवून, तो भाग पुन्हा तापवून, स्फटिक विरघळवून नव्याने ओढायला सुरुवात करावी लागे. नेमकं कधी थांबायचं, हे त्या पाळीच्या अनुभवी माणसाच्या नजरेवर असायचं. ‘अजून एक दिवस चालेल’ आणि ‘आता पुरे’ यांतला फरक पुस्तकात लिहिता येत नाही.

थोडा गुणाकार

आता विनोदाचा हिशोब करून पाहू. कागद-पेन्सिल घ्या, चौथीचं गणित आहे.

काचेची घनता साधारण २.५. म्हणजे १ चौरस मीटर काच १ मिलिमीटर जाडीची असेल तर वजन २.५ किलो. २ मिमीची काच ५ किलो, ३ मिमीची ७.५ किलो. समजा भट्टीतून १०० टन चांगली काच निघते. (हा आकडा हिशोबाच्या सोयीसाठी धरलेला आहे.) २ मिमीने ओढली तर २०,००० चौरस मीटर. ३ मिमीने ओढली तर १३,३३३ चौरस मीटर.

योजना टनात असेल तर दोन्हींची किंमत सारखीच, १०० टन. पण ३ मिमीच्या वेळी वरच्या मजल्यावरच्या माणसाला एकतृतीयांश काच कमी कापावी लागते, कमी उचलावी लागते, कमी खोक्यांत भरावी लागते, आणि जाड काच हाताळताना फुटतेही कमी. मग मालक नसलेला, पण टनांवर बोनस मिळणारा व्यवस्थापक काय करील? तुम्ही काय कराल?

आता योजना चौरस मीटरमध्ये आली असं समजा. २ मिमीऐवजी १.८ मिमीने ओढली, तर त्याच १०० टनांतून २२,२२२ चौरस मीटर निघतात. म्हणजे कच्चा माल तेवढाच, इंधन तेवढंच आणि उत्पादन ११ टक्क्यांनी वर. डोळ्याला हा फरक दिसतही नाही. पण काचेला तो कळतो. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो: ०.९ चा घन ०.७२९, म्हणजे ताठपणा २७ टक्क्यांनी कमी. वाकवताना सोसणारा भार जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात: ०.८१, म्हणजे १९ टक्क्यांनी कमी. कागदावर मिळालेले ११ टक्के कोणाच्या तरी खिडकीने १९ टक्क्यांनी फेडायचे.

(पीएच.डी. करणाऱ्या वाचकांनो, ‘किती पेपर छापले’ हे मोजायला लागल्यावर एका पेपरचे तीन कसे होतात हे तुम्हाला सांगायला नको. तिथेही जाडी कमी करायची खुंटी हाताशीच असते.)

म्हणून मला हा किस्सा मूर्खपणाचा वाटत नाही. व्यवस्थापक आपलं यंत्र अगदी बरोबर वाचत होता. त्याला जे मोजलं जात होतं ते तो वाढवत होता.

तेप्लित्से

प्रागच्या वायव्येला, जर्मनीच्या सीमेवरच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी तेप्लित्से नावाचं गाव आहे. गरम पाण्याच्या झऱ्यांमुळे ते पूर्वी राजेरजवाड्यांचं विश्रांतीस्थान होतं. ग्योथे आणि बेथोव्हन यांची भेट १८१२ मध्ये इथेच झाली. पुढे आसपासच्या खोऱ्यात तपकिरी कोळसा निघाला आणि गावाचा नूर बदलला. कोळशापासून भट्टीसाठी वायू करता येत होता, उस्ती शहराजवळच्या नेश्तेमित्सेत सोडा अ‍ॅश बनत होता, बोहेमियात चांगली काचवाळू होतीच. फुर्कोचं यंत्र या भागात पहिल्या महायुद्धानंतर लगेच आलं. तेप्लित्सेजवळच्या होस्तोमित्सेचा कारखाना बेल्जियमबाहेरच्या सुरुवातीच्या कारखान्यांपैकी एक. म्हणजे खिडकीच्या काचेच्या बाबतीत हा परिसर मागासलेला तर नव्हताच, उलट पुढे होता.

इथले बरेचसे मालक, इंजिनिअर आणि कारागीर जर्मनभाषक होते. दुसऱ्या महायुद्धानंतर दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या. २४ ऑक्टोबर १९४५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशांनी खाणी, बँका आणि मोठे उद्योग सरकारी मालकीचे झाले. ध्यानात घ्या, हे कम्युनिस्टांनी सत्ता घेण्याच्या दोन वर्षं आधी. आणि त्याच सुमाराला देशातल्या जर्मनभाषकांना हाकलून देण्यास सुरुवात झाली; सुमारे ३० लाख लोक गेले. शेजारच्या याब्लोनेत्समधले काचकारागीर बव्हेरियात काउफबॉयरेनजवळ जाऊन वसले आणि त्या वस्तीला त्यांनी आपल्या गावाचंच नाव दिलं, नॉयगाब्लॉन्झ, म्हणजे नवं याब्लोनेत्स.

काही तज्ज्ञ कामगारांना मात्र उद्योगांसाठी थांबवून घेतलं गेलं. का, ते आता तुम्हाला समजेल. सरकारला भट्टी, मनोरा, रूळ, कागदपत्रं सगळं ताब्यात घेता आलं. ‘आता पुरे, यंत्र थांबवा’ हे सांगणारी नजर ताब्यात घेता आली नाही. ती एक तर गावात राहिली, नाही तर सामान बांधून सीमेपलीकडे गेली.

योजना भट्टीपाशी पोचते

फेब्रुवारी १९४८ मध्ये कम्युनिस्ट पक्षाने सत्ता हातात घेतली. १९४९ पासून पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली आणि ती चालू असतानाच अवजड उद्योगांच्या बाजूने तिची उद्दिष्टं वाढवण्यात आली. पोलाद आणि यंत्रसामग्री पुढे, घरगुती वस्तू मागे. खिडकीची काच या दोन्हींच्या मध्ये कुठे तरी होती: घरं बांधायची तर ती हवीच, आणि परदेशी चलन आणायलाही काच हवीच. पण कारखान्याने स्वतः परदेशात काही विकायचं नाही. काचेची निर्यात ग्लासएक्सपोर्ट या सरकारी व्यापारी कंपनीमार्फत.

कारखान्याच्या दृष्टीने योजना म्हणजे काय? वर्षाचं उद्दिष्ट, त्याचे तिमाही आणि मासिक तुकडे, आणि त्याबरोबर कोळसा, सोडा, मजूर यांचं वाटप. उद्दिष्ट शंभर टक्के गाठलं तर बोनस. नव्याण्णव टक्क्यांना तो हुकायचा. आणि एकशे दहा गाठलं तर? पुढच्या वर्षीचं उद्दिष्ट त्याच एकशे दहापासून सुरू होणार. म्हणून शहाणा व्यवस्थापक शंभराच्या जरा वर थांबायचा, आणि ‘भट्टीची क्षमता एवढीच’ असं वर कळवायचा. अमेरिकी अर्थतज्ज्ञ जोसेफ बर्लिनर यांनी सोव्हिएत संघातून बाहेर पडलेल्या माणसांच्या मुलाखतींवरून १९५७ मध्ये पुस्तक लिहिलं, त्यात या सगळ्या युक्त्या सविस्तर आहेत: क्षमता लपवणं, कच्चा माल गरजेपेक्षा जास्त मागून साठवणं, ओळखीपाळखीने माल मिळवणारा खास माणूस ठेवणं, आणि महिनाअखेरची घाई.

त्याच सुमाराला शेजारच्या हंगेरीत एक तरुण संशोधक याच प्रश्नावर प्रबंध लिहीत होता. यानोश कोर्नाई. त्याने हलक्या उद्योगांतल्या व्यवस्थापकांशी बोलून योजना कागदावर कशी आहे आणि प्रत्यक्षात कशी चालते, हे मांडलं. १९५६ च्या सप्टेंबरमध्ये त्याने आपल्या प्रबंधाचा बचाव केला, आणि जेमतेम महिन्याभरात बुडापेस्टमध्ये उठाव झाला. माझ्यासारख्या प्रबंधाच्या मध्यावर अडकलेल्या व्यक्तीला ही तारीख वाचून उगाच धडकी भरते. पण त्या प्रबंधातला मुद्दा शांत आणि स्वच्छ आहे. व्यवस्थापकाला वरून डझनभर निर्देश येतात: उत्पादन, दर्जा, खर्चात बचत, मालाचे प्रकार. ते सगळे एकदम पाळता येत नाहीत. मग ज्याच्यावर बोनस आहे तो पाळला जातो. बहुतेक वेळा तो असतो एकूण उत्पादनाचा.

आता हे फुर्कोच्या यंत्रावर ठेवून बघा. महिन्याची २६ तारीख आहे. देबितूझच्या ओठांवर स्फटिक धरायला लागलेत, काचेत बारीक रेघा दिसतायत. यंत्र थांबवून तापवायचं तर उत्पादन बुडतं. न थांबवता ओढत राहिलं तर रेघांची काच निघते, पण वजनात ती पुरती भरते आणि चौरस मीटरमध्येही पुरती भरते. पुढचं माझं अनुमान आहे, पण ते यंत्रावरून सरळ निघतं: अशा वेळी ‘अजून चार दिवस चालेल’ म्हणणाऱ्याचं वजन वाढत जातं आणि ‘आता पुरे’ म्हणणाऱ्याचं कमी होतं. विनोदात फक्त जाडी येते. ही रेघ विनोदात येत नाही.

सोड्याचंही तसंच. स्फटिक टाळायचे तर मिश्रणात सोडा जरा जास्त ठेवायचा, चुना कमी करायचा, थोडा डोलोमाइट घालायचा, हे काचवाल्यांना ठाऊक होतं. पण सोडा दुसऱ्या कारखान्यातून येणार, त्याची योजना वेगळी, त्याच्या अडचणी वेगळ्या. तो वेळेवर आला नाही म्हणून भट्टी वाट बघत नाही. ती चालूच असते. मग आहे त्या मिश्रणावर ओढायचं.

एकक बदलून बघू

वरच्या लोकांना हे दिसत नव्हतं असं नाही. १९५९ मध्ये खुद्द ख्रुश्चेव्हने जाहीरपणे तक्रार केली की झुंबरं टनात मोजतात, म्हणून कारखाने जड झुंबरं बनवतात. सोव्हिएत विनोदी मासिक ‘क्रोकोदील’मध्ये खिळ्यांच्या कारखान्याचं व्यंगचित्र आलं होतं: पूर्ण महिन्याची योजना एकाच अजस्र खिळ्यात पुरी. टीका करायला बंदी नव्हती, निदान एवढ्यापुरती तरी. अडचण होती उपायाची.

काचेसाठी सोव्हिएत आकडेवारीत एक हुशार एकक वापरलं जाई: २ मिमी जाडीच्या तुलनेत मोजलेला चौरस मीटर. जाड काच काढली तर तिला गुणक लावून २ मिमीच्या हिशोबात बसवायचं. म्हणजे पातळ करण्याचा फायदा संपला. पण जरा थांबून विचार करा. गुणक जर नुसता जाडीच्या प्रमाणात ठेवला, ३ मिमीच्या १ चौरस मीटरला १.५, ४ मिमीच्या १ चौरस मीटरला २, तर आपण नक्की काय मोजतोय? क्षेत्रफळ गुणिले जाडी. म्हणजे आकारमान. म्हणजे वजन! फिरून टनावरच आलो, फक्त टनाने सदरा बदललाय. आणि गुणक प्रमाणात ठेवला नाही, तर कुठली तरी एक जाडी इतरांपेक्षा ‘फायद्याची’ ठरते आणि कारखाना तीच काढत बसतो. या कोड्यातून गुणकाने सुटका नाही.

मग पैशात मोजावं? खारकॉव्हचे अर्थतज्ज्ञ येव्हसेई लिबरमन यांनी १९६२ मध्ये ‘प्रावदा’त नफ्याचा मुद्दा मांडला आणि १९६५ च्या सोव्हिएत सुधारणांत त्याचा काही अंश उतरला. चेकोस्लोव्हाकियात तर कारण आणखी निकडीचं होतं: १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथली वाढ जवळपास थांबली आणि चालू पंचवार्षिक योजनाच सोडून द्यावी लागली. ओता शिक यांच्या पुढाकाराने कारखान्यांना जास्त मोकळीक आणि बाजाराला थोडी जागा देणाऱ्या सुधारणा आल्या. ऑगस्ट १९६८ मध्ये रणगाडे आले आणि त्यानंतर या सुधारणा हळूहळू गुंडाळल्या गेल्या.

कथिलावरची काच

याच गडबडीच्या काळात तेप्लित्सेच्या र्झेतेनित्से भागात एक नवं यंत्र उभं राहिलं. इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने जानेवारी १९५९ मध्ये फ्लोट पद्धत जाहीर केली होती. यात काच वर ओढायची नाहीच. वितळलेल्या कथिलाच्या तळ्यावर तिला सपाट पसरू द्यायची. देबितूझ नाही, ओठ नाहीत, म्हणून रेघा नाहीत. १९६९ मध्ये या पद्धतीचा परवाना घेऊन तेप्लित्सेत फ्लोट काच निघायला लागली. पूर्व युरोपच्या कम्युनिस्ट देशांतली ही पहिली फ्लोट भट्टी.

इथे दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात.

एक: कथिलावर काच मोकळी सोडली तर ती स्वतःची जाडी स्वतः ठरवते. गुरुत्व तिला पसरवतं, पृष्ठताण तिला आवरतो, आणि दोघांची तडजोड साधारण ६ ते ७ मिमीला होते. त्याहून पातळ हवी तर कडांना धरून ताणावी लागते, आणि ते कौशल्याचं काम. घराच्या साध्या तावदानाला लागते त्याच्या दुप्पट जाडी! त्यामुळे फ्लोट आली म्हणून फुर्कोची यंत्रं लगेच भंगारात गेली नाहीत. कम्युनिस्ट देशांत ती पुढे कितीतरी वर्षं खिडक्यांसाठी चालू राहिली.

दोन: ही पद्धत घडवायला पिल्किंग्टनला सात वर्षं लागली. मोठ्या भट्टीवर पहिल्यांदा लावली तेव्हा वर्षभराहून जास्त काळ जी काच निघत होती ती विकण्याजोगी नव्हती. रोज बनवायची, रोज फोडायची, पुन्हा भट्टीत टाकायची. मासिक उद्दिष्टावर जगणाऱ्या कारखान्याला हे कसं परवडणार? पहिल्याच महिन्यात बोनस गेला असता, तिसऱ्या महिन्यात संचालक. पण म्हणून ‘स्पर्धेमुळे नवं घडतं’ असा सोपा धडा काढायची घाई नको. पिल्किंग्टन ही ब्रिटनमधली सपाट काचेची मक्तेदार कंपनी होती, आणि १९६८ मध्ये तिथल्या मक्तेदारी आयोगाने तिची चौकशीही केली होती. कम्युनिस्ट देशांत नवं काही होत नव्हतं हेही खरं नाही: चीनमध्ये लुओयांगच्या कारखान्याने १९७१ मध्ये स्वतःची फ्लोट पद्धत चालू केली.

मग दोष कशात होता?

पुन्हा त्या विनोदाकडे येऊ. तो ऐकून आपण दोष एककाला देतो: टन चूक, चौरस मीटर चूक, कोणी तरी योग्य एकक शोधायला हवं होतं. मला वाटतं, एकक ही दुय्यम गोष्ट आहे. आज तुम्ही काचवाल्याकडे गेलात तर तोही एककच विचारतो: ‘किती एमएमची? किती फूट?’ तिथे गोंधळ होत नाही, कारण चारऐवजी साडेतीन एमएम दिली आणि ते तुमच्या लक्षात आलं, तर तुम्ही ती परत करता. शेजारच्या दुकानात जाता.

तेप्लित्सेच्या काचेच्या दुसऱ्या टोकाला कोण होतं? घरं बांधणारी सरकारी संस्था. तिलाही योजना होती, वर्षाला इतकी घरं. काच मुळातच कमी. रेघा असलेली, पातळ, जाड, जी आली ती बसवायची, कारण परत केली तर त्या बदल्यात दुसरी येणार नाही आणि आपली योजना बुडेल. कोर्नाईने पुढे १९८० मध्ये टंचाईच्या अर्थव्यवस्थेवर मोठा ग्रंथ लिहिला. तो वाचताना मला हे यंत्र सतत डोळ्यांसमोर दिसत राहतं. टंचाईत विकणारा राजा असतो आणि घेणाऱ्याला ‘नको’ म्हणता येत नाही. ज्या व्यवस्थेत शेवटच्या माणसाचं ‘नको’ भट्टीपर्यंत पोचत नाही, तिथे तुम्ही टन द्या, चौरस मीटर द्या, नाही तर २ मिमी-तुल्य एकक द्या. यंत्रावरचा शहाणा माणूस त्या आकड्याला हवं तेच काढून देईल. तावदान त्याच्या हिशोबात बसणार नाही.

आणि तावदान ही काही वर्गातली गंमत नव्हती. त्या थंडीच्या देशात १.८ मिमीचं तावदान जानेवारीत तडकलं, तर घरातल्या माणसाला नवीन काच मिळवायला पुन्हा त्याच टंचाईत रांग लावायची होती.

१९९१ मध्ये बेल्जियमच्या ग्लावेरबेल कंपनीने तेप्लित्सेचा सपाट काचेचा उद्योग घेतला. ज्या देशातून फुर्कोचं यंत्र आलं होतं, तिथलीच कंपनी. आज ती एका जपानी उद्योगसमूहाचा भाग आहे, तेप्लित्सेत अजूनही काच बनते, आणि गावाच्या फुटबॉल संघाला अजूनही ‘काचवाले’ म्हणूनच ओळखतात.

पुढच्या लेखात डेव्हिट्राइटबद्दल सविस्तर लिहीन, म्हणजे हा स्फटिक काचेत नेमका कसा वाढतो आणि तो टाळायला काचेची कृती कशी बदलत गेली. तोपर्यंत घरातल्या एखाद्या जुन्या खिडकीपाशी उभे राहा आणि डोकं सावकाश हलवून बाहेरच्या तारांकडे किंवा इमारतीच्या कडेकडे बघा. रेषा हलकेच लाटेसारखी डुलली, तर ती काच बहुधा वर ओढून काढलेली आहे. तुमच्याकडे अशी काच सापडली तर खाली कळवा, शक्य असेल तर जाडीसह.